ज्या कामासाठी मोजले : तंजावर, नकाशे आणि शहराची धोरणे

तंजावरचे नाव निघाले की मराठी माणूस व्यंकोजीराजांपासून सुरुवात करतो, सरस्वती महालापाशी येऊन थांबतो आणि मधल्या वाटेवर सांबाराची दंतकथा ऐकवून घेतो. त्यापलीकडे तंजावर हे सव्वादोन लाख वस्तीचे नांदते शहर आहे, तिथे पावसाळ्यात पाणी तुंबते, बाजारात गाडी लावायला जागा मिळत नाही, जुन्या गल्ल्यांत नवे गटार कुठून न्यायचे यावर वाद होतात, याची आपल्याला खबर नसते. या पुस्तकाचा विषय हा दुसरा तंजावर आहे. शहराविषयीची माहिती जागेशी बांधायची, एकावर एक ठेवून तपासायची आणि तिच्या आधाराने महापालिकेने कुठे हात घालावा, कुठे घालू नये हे सांगायचे, हा भूगोलाच्या अभ्यासकाचा आजचा धंदा. संगणक आल्यापासून त्याला जीआयएस वगैरे नवी नावे मिळाली. धंदा जुनाच आहे. तंजावरात तर तो हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरलेला सापडतो, म्हणून हे शहर घेतले. मराठीशी असलेले त्याचे नाते हे दुसरे कारण. तेही या विषयाला कुठे येऊन चिकटते ते पुढे कळेल.

राजराज चोळाने बांधलेल्या बृहदीश्वराच्या देवळावर १०१० मध्ये कलश चढला. त्या देवळाच्या जोत्यावर आणि प्राकाराच्या भिंतींवर तमिळ लेख इतके आहेत, की पर्यटक त्यांना नक्षी समजून पुढे जातो. त्यांतला एक लेख म्हणजे निव्वळ यादी आहे. देवळाच्या सेवेसाठी चोळांच्या मुलखातल्या निरनिराळ्या देवळांतून नाचणाऱ्या ४०० स्त्रिया तंजावरात आणून वसवल्या, त्यांची. प्रत्येकीचे नाव दिले आहे. ती कोणत्या गावच्या कोणत्या देवळातून आली तेही दिले आहे. तिरुवैयारू, तिरुवारूर, नागपट्टिणम अशी ही गावे. मग तंजावरात तिला मिळालेली गल्ली, गल्लीची दक्षिणेकडची रांग की उत्तरेकडची, आणि त्या रांगेतले कितवे घर. पहिले घर, दुसरे घर, तिसरे घर, अशी ही नोंद न कंटाळता पुढे सरकते. प्रत्येक घराला एक वाटा. वाटा म्हणजे एक वेली जमिनीचे उत्पन्न, वर्षाला १०० कलम भात. बाई वारली किंवा परगावी निघून गेली तर वाटा तिच्या जवळच्या नातलगाने घ्यावा आणि सेवा करावी, तो स्वतः त्या कामाचा नसेल तर योग्य माणूस निवडावा, अशी तरतूदही शेवटी आहे.

जीआयएस शिकवणाऱ्या कोणत्याही मास्तरांनी हा लेख पहिल्या तासाला वाचून दाखवावा. माणूस कोण, कुठून आला, आज नेमका कुठे राहतो, त्याचा हक्क काय, आणि परिस्थिती बदलली की नोंद कशी बदलायची, हे सारे रकाने त्यात आहेत. आपल्याकडच्या कित्येक महापालिकांच्या तक्त्यांत शेवटचा रकाना आजही नसतो. एकदा सर्वेक्षण होते, रंगीत नकाशा भिंतीवर लागतो आणि पाच वर्षांनी त्यावरची अर्धी घरे पडलेली असतात, नाहीतर दोन मजल्यांची झालेली असतात.

पण त्याच देवळाच्या भिंतींवर मोजणीची दुसरी तऱ्हाही आहे. १००१ च्या सुमारास राजराजाने राज्यभर जमिनीची मोजणी करवली. ती इतकी बारीक होती, की वेलीचे अपूर्णांक करत करत आकडा डोळ्यांना दिसेनासा होईपर्यंत नेला आहे. देवळाला लावून दिलेल्या गावांच्या नोंदी या मोजणीवर उभ्या आहेत. प्रत्येक गावाचे एकूण क्षेत्र सांगायचे, मग त्यातून सारा न बसणारी जागा वजा करायची. वजाबाकीत काय येते? गावठाण, देवळे, तळी, गावातून जाणारे पाट, कारागिरांची वस्ती, स्मशान आणि परैयरांची वस्ती. ज्या माणसांच्या अंगमेहनतीवर ती भातशेती उभी होती त्यांची घरे या नोंदीत आली, ती साऱ्यातून कापायची जागा म्हणून. त्यांत किती माणसे राहत होती, कोण होती, हे विचारण्याचे लेखनिकाला कारणच नव्हते.

एकाच देवळाच्या, एकाच राजाच्या काळातल्या या दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की या पुस्तकात मला जे सांगायचे आहे ते बहुतेक सांगून होते. ज्या कामासाठी मोजले तेवढेच नकाशात उतरते. वाटा द्यायचा होता म्हणून घराचा क्रमांक लिहिला. सारा घ्यायचा होता म्हणून घर वजा केले. लेखनिक दोन्हीकडे तितकाच प्रामाणिक आणि तितकाच काटेकोर. आज शहराच्या धोरणासाठी जी माहिती वापरली जाते ती बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणत्या तरी कामासाठी गोळा झालेली असते. मालमत्ता कराची यादी कर वसूल करायला, मतदारयादी मतदानाला, सिटी सर्व्हेचा उतारा मालकी ठरवायला, उपग्रहाचे चित्र कधी पिकांसाठी तर कधी आणखी कशासाठी. भूगोलवाल्याचे पहिले काम प्रत्येक थराला त्याचा हेतू विचारण्याचे, आणि त्या हेतूमुळे कोण वजा झाले ते हुडकण्याचे. रंग भरणे नंतर.

बृहदीश्वराच्याच भिंतीवर एक मराठी लेखही आहे. १८०३ मध्ये सरफोजीराजे दुसरे यांनी तो कोरवून घेतला. भोसल्यांच्या कुळाचा इतिहास असलेला हा लेख लांबीत मराठीतल्या कुठल्याही शिलालेखाला मागे टाकील. राजराजाने भिंतीवर घरांचे क्रमांक कोरले आणि आमच्या लोकांनी वंशावळ. हे जरा टोचून लिहिले, कारण सरफोजींना याहून पुष्कळ कळत होते.

१७९९ च्या तहाने तंजावरचा मुलूख कंपनीकडे गेला आणि राजाच्या हाती राहिला फक्त तंजावरचा किल्ला आणि आसपासची थोडी जागा. इतिहासकार इथे हळहळतात. भूगोलाच्या नजरेने पाहिले तर मात्र एक गंमत घडली : राज्य उरले शहराएवढे. पुढची तेहेतीस वर्षे सरफोजींनी शाळा, दवाखाना, ग्रंथसंग्रह, छापखाना आणि वाटसरूंची छत्रे चालवली. आज ज्याला नागरी सेवा म्हणतात त्यातले पुष्कळ काही. याच काळात त्यांनी 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक रचले. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यात डोंगरातली कुरवंजी, म्हणजे भविष्य सांगणारी भटकी बाई, नायिकेचा हात पाहून तिच्या मनातले ओळखते आणि बोलता बोलता आपण पाहिलेल्या मुलखाचे वर्णन करते. सरफोजींच्या नाटकात ही बाई इंद्राणीला पदांमधून सगळ्या जगाचा भूगोल सांगते. खंड, देश, समुद्र. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या पाद्र्याच्या देखरेखीखाली शिकलेल्या आणि महालात युरोपातले नकाशासंग्रह जमवणाऱ्या राजाला भूगोल शिकवायला गावोगाव पायी हिंडणारी बाई सापडावी, ही निवड मला फार अचूक वाटते. फिरलेल्या माणसाची माहिती आणि छापील नकाशाची माहिती यांची गाठ त्यात घातली आहे.

त्याच वर्षांत फिरणारा आणखी एक माणूस तंजावरात आला. विल्यम लॅम्टन १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणांची साखळी टाकत निघाला होता. तिचाच पुढे भारताचा महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण प्रकल्प झाला. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात त्याची पंचाईत झाली. डोंगर नाहीत, उंचवटे नाहीत, नारळीच्या बागांमुळे नजर पोचत नाही. म्हणून त्याने देवळांचा आधार घेतला. १८०८ मध्ये बृहदीश्वराच्या शिखरावर अर्ध्या टनाचा थिओडोलाइट दोरांनी चढवत असताना दोर तुटला आणि ते यंत्र भिंतीवर आदळले. कोन मोजणारे चक्रच वाकले. नवे यंत्र विलायतेहून यायला वर्षे लागली असती. लॅम्टनने स्वतःला कोंडून घेऊन सुमारे सहा आठवडे ते ठोकून, ओढून पुन्हा गोल केले आणि काम पुढे नेले. हाच लॅम्टन १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथे आहे. राजराजाचा लेख ज्या भिंतींवर आहे त्याच देवळावर हे यंत्र आपटले, पण लॅम्टनच्या कामाला त्या लेखातल्या घरांशी काही देणेघेणे नव्हते. त्याला शिखराचे टोक हवे होते, तेही दुसऱ्या टोकाशी कोन धरण्यापुरते. जगातले कोणतेही ठिकाण अक्षांश-रेखांशांत पकडायची सोय त्याच्यासारख्यांनी करून दिली. आज आपला फोन जे करतो ते त्याचेच पुढचे पाऊल. मात्र त्या जाळ्यात माणूस नंतर आपल्याला भरावा लागतो.

तो भरण्याची रीत दाखवणारा माणूस शंभर वर्षांनी आला. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ, मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून १९१४ मध्ये भारतात आला. नगररचनेचे त्याचे प्रदर्शन घेऊन येणारे जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडवले, तरी गडी नव्याने नकाशे गोळा करून कामाला लागला. मद्रास इलाख्यातल्या ज्या शहरांवर त्याने अहवाल दिले त्यांत तंजावरचा किल्लाही होता. किल्ल्याच्या आतली दाट वस्ती सुधारण्यासाठी तिच्यातून सरळ रुंद रस्ते काढायचे, आड येतील ती घरे पाडायची, असा बेत होता. गेडिसने त्याच जागेचा दुसरा नकाशा मांडला. जुन्या गल्ल्या ठेवल्या, मोडकळीला आलेली थोडी घरे काढून तिथे लहान मोकळ्या जागा केल्या, कुठे वळण रुंद केले, कुठे झाड लावले. थोड्या घरांना हात लागला आणि खर्चही कितीतरी कमी. या पद्धतीला त्याने जतन करणारी शस्त्रक्रिया असे नाव दिले. ते पुढे जगभरच्या नगररचनेच्या पुस्तकांत गेले आणि त्याच्याबरोबर तंजावरचे ते दोन नकाशेही.

गेडिसचे नाव घेणारे खूप, पण त्याची अट फार थोडे सांगतात. त्याचे म्हणणे असे, की हे काम कचेरीत बसून पट्टी आणि पेन्सिलीने होत नाही. गल्लीगल्लीत तासन्‌तास पायी हिंडावे लागते, घाण वासात उभे राहावे लागते, आणि मुख्य म्हणजे सरकारला कायद्याने लागतात त्याहून फार बारीक तपशिलाचे नकाशे लागतात. स्वस्त उपाय सापडला तो महाग पाहणीतून. आजही महापालिकेच्या अंदाजपत्रकात पाहणीचा खर्च आधी कापला जातो आणि काँक्रीटचा खर्च मागून वाढतो, तेव्हा गेडिसची आठवण होते. तंजावरनंतर त्याने बडोदे आणि इंदूर या मराठी राज्यांच्या राजधान्यांवर अहवाल लिहिले. १९१९ पासून तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा पहिला प्राध्यापक होता. गो. स. घुर्ये हे त्याचे विद्यार्थी. म्हणजे तंजावरच्या गल्लीत शिकलेले काही ना काही मुंबईच्या वर्गात आलेच असणार.

आता आजच्या कामाकडे येऊ. जीआयएसमध्ये प्रत्येक प्रकारची माहिती वेगळ्या थरात ठेवतात. रस्ते, घरे, गटारे, तळी, प्रभागांच्या हद्दी. एकाच अक्षांश-रेखांशांवर नेमके बसवलेले थर एकावर एक ठेवले की जे एका कागदावर कधीच नव्हते ते दिसू लागते. वाचायला सोपे आहे. करताना तंजावरसारख्या गावात पहिली ठेच उंचीला लागते.

शहर बसले आहे ते दोन भूमींच्या सांध्यावर. नैर्ऋत्येला वल्लमकडची तांबडी, कोरडी, जरा उंच जमीन. उत्तरेला आणि पूर्वेला वेन्नार-वडवारच्या पाण्यावरची सपाट भातखाचरे. इथून समुद्रापर्यंत उतार किलोमीटरला मीटरभरही नाही. अशा जागी पाणी कुणीकडे वळेल हे हातभर उंचीच्या फरकाने ठरते. जगभर फुकट मिळणारी उंचीची माहिती मुख्यतः २००० साली अंतराळयानातून केलेल्या रडार मोजणीची आहे. तिच्यातली चूकच काही मीटरांची, आणि दाट वस्तीत ती जमिनीऐवजी छपरे मोजते. सह्याद्रीच्या घाटात याने काम भागते, तंजावरात भागत नाही. कुणी त्या माहितीवरून पुराचा सुबक निळा नकाशा काढून दिला तर तो सरळ बाजूला ठेवावा. इथे माणसाने लेव्हलिंगचे यंत्र घेऊन चेंबरच्या झाकणाझाकणाची उंची घेतली पाहिजे. दुसरा उपाय नाही.

जुन्या लोकांनी ती घेतली होती, हे त्यांच्या बांधकामावरून कळते. नायक राजांच्या काळात पश्चिमेच्या उंच अंगाला सेवप्प नायकाचा तलाव होता. त्यात साठलेले पावसाचे पाणी शिवगंगा तळ्यात यायचे, आणि तिथून जमिनीखालच्या नळांनी शहरातल्या तळ्यांत आणि विहिरींत. या रचनेला जलसूत्र म्हणत. मातीच्या भाजलेल्या नळांतून, कुठलाही पंप नसताना, पाणी गावभर फिरवायचे तर उताराचा हिशेब बोटाबोटाने करावा लागतो. पुढे नळाचे पाणी आले, जलसूत्र विस्मरणात गेले, नळ मातीने भरले. सेवप्प नायकाच्या तलावाच्या बऱ्याच भागावर वस्ती झाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहर वाढले तेही याच अंगाने. वैद्यकीय महाविद्यालय, १९८१ चे तमिळ विद्यापीठ, नवे बसस्थानक, सगळे कोरड्या उंच बाजूला गेले. (तमिळ विद्यापीठाच्या इमारती आकाशातून तमिळ अक्षरांसारख्या दिसाव्यात अशी योजना होती. जमिनीवरून चालणाऱ्याला त्या अक्षरांचा पत्ता लागत नाही.) जे अंग पाणी मुरवायचे ते डांबराखाली गेले आणि पाऊस धावत खाली, जुन्या गावाकडे येऊ लागला. अलीकडे अय्यनकुळम हे तळे दुरुस्त करताना शिवगंगेकडून येणारी जुनी वाट पुन्हा मोकळी झाली. अशा वाटांचा थर हद्दींच्या, रस्त्यांच्या आणि घरांच्या थरावर ठेवला की कोणत्या गल्लीत पाणी का तुंबते याचे उत्तर पुष्कळदा तिथेच मिळते. गटार लहान होते हे कारण नसते. गटार जुन्या वाटेच्या आडवे टाकलेले असते.

दुसरी ठेच अंतराला लागते. संगणकाला विचारले, की प्रत्येक शाळेपासून एक किलोमीटरच्या आत किती घरे, तर तो शाळेभोवती वर्तुळ काढून उत्तर देतो. तंजावरच्या मधून कल्लणैचा मोठा कालवा वाहतो. १९३४ मध्ये मेट्टूर धरणाबरोबर झालेला हा कालवा गावात नवी नदी म्हणूनच ओळखला जातो आणि मोठ्या देवळाच्या अगदी जवळून जातो. वर्तुळाला कालवा दिसत नाही, शाळेत जाणाऱ्या पोरीला दिसतो. पलीकडच्या काठावरची शाळा डोळ्यांसमोर असते आणि तिथे जायला पुलापर्यंत वळसा. म्हणून सेवा किती लोकांना पोचते हे सांगायचे तर अंतर रस्त्याने मोजायचे, पूल धरून मोजायचे. हिशेब किचकट होतो, पण वर्तुळाने झाकलेली वस्ती उघडी पडते.

या कालव्यावरच्या एका पुलाचे नाव आयर्विन पूल. सांगलीकरांच्या कानाला हे ओळखीचे वाटेल, कारण कृष्णेवरचा त्यांचा आयर्विन पूल हे महाराष्ट्रातले बहुधा सगळ्यांत जास्त वाचले जाणारे मोजमाप आहे. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस फूट धोका, आणि २०१९ च्या महापुरात पाणी सत्तावन्न फुटांच्या वर. जुन्या सांगलीकराला पुलावरचा आकडा सांगा, तो तुम्हाला कोणत्या गल्लीत, कुणाच्या पायरीपर्यंत पाणी आले असेल ते सांगतो. एका खांबावरच्या एका आकड्यावरून शहरभरच्या जागांचा हा तक्ता तो डोक्यात बाळगतो. पूरनकाशा करणाऱ्याने शेवटी हेच करायचे असते. त्याच्या संगणकातले उत्तर आणि पायरी दाखवणाऱ्या म्हाताऱ्याचे उत्तर जुळत नसेल तर आधी संगणकातली उंची तपासावी, असे माझे मत आहे.

धोरणाची गोष्ट इथून सुरू होते, आणि ती कमी सुबक आहे. स्मार्ट सिटी योजना जून २०१५ ची. तंजावरचा समावेश सप्टेंबर २०१६ च्या यादीत झाला. भर जुन्या किल्ल्याच्या भागावर होता. जुने बसस्थानक नव्याने बांधले, कामराज मंडईचे काम झाले, तळी दुरुस्त झाली. किल्ल्याभोवतीचा खंदकही मोकळा करायचा विषय निघाला. खंदक कितीतरी ठिकाणी बुजला आहे आणि त्याच्या काठावर, तटाच्या कडेने, पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबे आहेत. वारसा म्हणून पाहिले तर खंदक मोकळा हवा, आणि पाण्याच्या दृष्टीने तर हवाच हवा. कागदावरच्या थरात ही घरे अतिक्रमण म्हणून येतात, म्हणजे राजराजाच्या दुसऱ्या नोंदीसारखी : मूळ क्षेत्रातून वजा करायची बाब.

आता भूगोलवाल्याने काय करावे? घरे वाचवा किंवा पाडा हे सांगण्याचा अधिकार त्याला नाही आणि नसावा. पण वजाबाकीच्या रकान्यात बेरजेची माहिती भरणे त्याच्या हातात आहे. किती घरे, किती माणसे, कामाला कुठे जातात, मुले कोणत्या शाळेत. किल्ल्याच्या आतल्या घरांत धुणीभांडी करणारी, पूर्व दरवाजाकडच्या बाजारात हमाली करणारी माणसे शहराबाहेरच्या वसाहतीत नेली तर रोजचे बसभाडे किती वाढेल, पहाटेच्या मालासाठी पोचता येईल का? खंदकाचा कोणता तुकडा पाणी वाहून नेण्यासाठी खरोखर अत्यावश्यक आहे आणि कोणता केवळ रेषा सरळ दिसावी म्हणून हवा आहे? या प्रश्नांची उत्तरे नकाशावर मांडली की निर्णय घेणाऱ्याला निदान आपण काय निवडतो आहोत ते माहीत होते. गेडिसने किल्ल्यात हेच केले होते. पुढच्या प्रकरणांत याच पद्धतीचे नमुने आहेत, म्हणून तिथे जागोजागी दोन नकाशे शेजारी शेजारी दिसतील.

महाराष्ट्रात या बाबतीत दोन टोके पाहायला मिळतात. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातल्या चुकांवर इतका गदारोळ झाला, की एप्रिलमध्येच मुख्यमंत्र्यांनी तो मागे घेऊन नव्याने करायला सांगितले. वारसा इमारती गायब, उभ्या इमारतींवरून रस्ते. सुधारलेला आराखडा लागू व्हायला २०१८ उजाडले. लोक म्हणाले नियोजन चुकले. माझ्या मते नियोजनाआधीच्या जमीनवापराच्या पाहणीतच खोट होती, वरचे मजले तिच्यावर चढवले. दुसरे टोक पुण्याच्या 'शेल्टर असोसिएट्स'चे. प्रतिमा जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकापासून पुण्यात आणि नंतर सांगली-मिरज-कुपवाडला झोपडपट्ट्या घरनिहाय नकाशावर आणल्या. पाहणीत वस्तीतली माणसेच, बहुतेक बायका, सामील. मैलावाहिनी कुठपर्यंत आली आहे हा थर आणि घरात संडास नाही हा थर एकमेकांवर ठेवला की कुठल्या गल्लीत घरोघरी संडास लगेच देता येतील हे समजते. मोठ्या योजनेची वाट पाहावी लागत नाही.

तंजावरच्या बाबतीत अभ्यासकांनी रचलेली भरभक्कम पायरी आधीच आहे, हे नमूद केले पाहिजे. वाय. सुब्बरायलु यांनी १९७३ मध्ये चोळ देशाच्या राजकीय भूगोलावरचे पुस्तक प्रसिद्ध केले. शिलालेखांत आलेली गावे आजच्या नकाशावर शोधून काढायची आणि 'नाडू' हा चोळकाळचा प्रदेश कसा होता ते ठरवायचे, असे ते काम. नाडू म्हणजे वरून आखलेली हद्द नव्हती, एकमेकांशी बांधलेल्या शेतकरी गावांचा तो समूह होता. सुपीक खोऱ्यात नाडू लहान आणि दाट, कोरड्या मुलखात मोठे आणि विरळ. नोबोरू काराशिमा या जपानी विद्वानाबरोबर त्यांनी शिलालेखांतल्या नावांची मोजदाद केली. पुढे पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेत दक्षिण भारताचा ऐतिहासिक नकाशासंग्रह जीआयएसवर उभा करण्यातही त्यांचा हात होता. ज्या संस्थेत इतिहास, वनस्पती आणि लोकसंख्या यांचे अभ्यासक एका छपराखाली बसतात तिथे असे काम सुचते. आपल्याकडे भूगोल विभाग आणि इतिहास विभाग एकाच जिन्यावर असूनही चहाला भेटतात तेवढेच.

इथे मराठी वाचकाचा संबंध येतो. तंजावरच्या मराठी राजांचे मोडी दफ्तर सरस्वती महालात आणि तमिळ विद्यापीठात आहे, रुमालांमागून रुमाल. तमिळ विद्यापीठाने त्यातल्या निवडक कागदांचे तमिळ भाषांतर खंडांत काढले, म्हणून तमिळ अभ्यासकाला ते निदान अंशतः वाचता येतात. आम्ही मात्र त्या कागदांत राजांच्या हालचाली शोधतो. त्यांत खर्चाचे हिशेब आहेत, दुरुस्त्या आहेत, कोणाला काय दिले ते आहे. तळ्याचा गाळ काढला, वाडा शाकारला, अमक्या गल्लीतल्या अमक्याला इतके दिले, अशा ओळी इतिहासकाराच्या हातून निसटतात, कारण त्यांत घटना नसते. जागा असते. मोडी वाचणारा आणि नकाशा हाताळणारा असे दोघे शेजारी बसले तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे तंजावर गल्लीनिशी मांडता येईल आणि जलसूत्राच्या हरवलेल्या वाटांबद्दलही काही हाती लागण्याची शक्यता आहे. मोडी शिकवणारे वर्ग पुण्या-मुंबईत भरतात, तिथल्या विद्यार्थ्यांना तंजावर दूर वाटू नये.

शेवटी आकड्यांविषयी, कारण पुस्तक उघडल्यावर पहिला आक्षेप तिथेच येईल. लोकसंख्येचे आकडे २०११ च्या जनगणनेचे आहेत : तंजावर, २ लाख २२ हजार ९४३. तेव्हा तिथे नगरपालिका होती, १८६६ पासूनची. महापालिका २०१४ मध्ये झाली आणि २०२२ ची निवडणूक ५१ प्रभागांत झाली. म्हणजे माणसे एका चौकटीत मोजली आहेत आणि धोरण दुसऱ्या चौकटीत ठरते आहे. शहराला लागून वाढलेल्या कितीतरी वसाहती त्या जनगणनेत गावांच्या खात्यावर आहेत. जुने आकडे नव्या प्रभागांत वाटायचे तर घरांच्या ठिकाणांवरून अंदाज करावा लागतो. जिथे असा अंदाज वापरला आहे तिथे नकाशाची रेषा तुटक ठेवली आहे, आणि त्या तुटक रेषेच्या आतल्या आकड्यावर कुणी पाण्याची टाकी बांधू नये. पुढची जनगणना मार्च २०२७ ही तारीख धरून होणार आहे. ती आल्यावर दुसऱ्या आणि पाचव्या प्रकरणातले तक्ते बदलावे लागतील. बाकीचे, म्हणजे उतार, कालवे आणि तळ्यांचे, तसेच राहतील.